चव रजिस्टर

जहाजानं मुंबई सोडून पुरता एक दिवसही झाला नव्हता, तोवर गजभाऱ्यांच्या घरात दोन पार्ट्या पडल्या. पडल्या म्हणजे काय, त्या होत्याच. समुद्रावर येऊन त्यांनी फक्त टेबलं धरली. नवव्या मजल्यावर पोहायच्या हौदाच्या अलीकडे थोरला विनोद आणि त्याची बायको पुनम. पलीकडे धाकटा रविकांत, त्याची बायको बुद्धप्रिया आणि त्यांची पाच वर्षांची जुळी, रेवत आणि उत्पला. मधल्या टेबलावर दोघांचे आईबाप, निवृत्ती गुरुजी आणि पारूबाई, आणि बहीण लुंबिनी. भज्यांची ताटली एकच होती. ती घेऊन पारूबाई आधी इकडे जायची, मग तिकडे जायची, आणि परत येऊन स्वतः काही न खाता बसायची.

तीन वर्षं हेच चाललं होतं. विनोद लातूरला कृषी खात्यात. त्याला बढती मिळाली तेव्हा त्यानं साहेबांना हॉटेलात जेवायला बोलावलं, सोबत सगळं घरही. साहेबांना बूट काढून खुर्चीवर मांडी घालायची सवय. तेव्हा दोन वर्षांचा असलेला रेवत टेबलाखाली गेला आणि त्यानं साहेबांच्या डाव्या बुटात वाटीभर बासुंदी ओतली. साहेब हसले, सगळं हॉटेल हसलं, विनोद तेवढा हसला नाही. "ही लेकरं माणसात आणायच्या लायकीची न्हाईत," असं तो भरल्या टेबलावर बोलून गेला. बुद्धप्रिया भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून भाऊभाऊ एका टेबलाला जेवले नव्हते. कंधारला आईबापाकडे यायचे तेही पाळीनं, विनोद सकाळी आणि रविकांत संध्याकाळी. पारूबाईला दोन वेळा स्वयंपाक करावा लागे, दोन वेळा तेच ते हसू तोंडावर आणावं लागे.

आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून लुंबिनीनं ही सहल काढली होती. ती लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. बेडकाच्या पोटात काय असतं ते तिला ठाऊक आहे, भावांच्या पोटात काय आहे ते नाही. आज सकाळी खोलीत एक चिठ्ठी आली होती. रात्री आठला फॉर्मल डिनर. पुरुषांनी कोट-टाय घालावा. लहान मुलांना आणता येईल, पण शांतता राखावी. हवं तर खाली त्यांच्यासाठी खेळघर आहे.

"लुंबे, त्यायला सांग," विनोद हौदाकडे बघत म्हणाला. त्यायला म्हणजे दहा पावलांवर बसलेल्या सख्ख्या भावाला. "लेकरं खाली खेळघरात ठेवा म्हनावं. तिथं बाया असतेत सांभाळाया. कॅप्टन येनार हाय जेवाया. इज्जतीचा प्रश्न हाय."

"लुंबिनीताई, त्यांना सांगा," बुद्धप्रिया नारळपाण्याच्या नळीशी खेळत म्हणाली, "माझी लेकरं जिथं न्हाईत, तिथं मी न्हाई."

"आन् ती न्हाई तिथं मी बी न्हाई," रविकांत म्हणाला. लग्नाला आठ वर्षं झाली तरी तो हे वाक्य दर खेपेला नव्यानं सुचल्यासारखं म्हणायचा.

"मी काय पोस्टमन हाय का?" लुंबिनी म्हणाली.

पारूबाईनं ताटली खाली ठेवली. ती सहसा आवाज चढवत नसे. आत्ताही चढवला नाही.

"गुरुजी," ती म्हणाली. नवऱ्याला ती पन्नास वर्षं गुरुजीच म्हणत आली होती. "मला दागिना नको, ही बोट बी नको होती. माझे दोन्ही लेक एका टेबलाला जेवलेले मला बघायचेत. एकडाव. आज न्हाई जमलं, तं घरी गेल्यावर मी एकच येळ सैपाक करनार. ज्याला यायचं तो यील. न्हाई आलं कुनी, तं मी न् तुमी."

पारूबाई बोलली की करायची. एकच वेळ स्वयंपाक झाला की एकच लेक येणार आणि दुसऱ्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही, हे गुरुजींना लख्ख कळलं. गुरुजी घाबरले की शुद्ध बोलत. ते उठले, दोन्ही टेबलांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मुले डिनरला येतील. संपूर्ण जबाबदारी माझी."

"आबा, तुमी?" विनोद हसला.

"छत्तीस वर्षं मास्तरकी केलो. दोनशे लेकरं एका व्हरांड्यात बसवून खिचडी चारलो. ही दोन बसवता येनार न्हाईत व्हय मला?"

विनोदनं विचार केला. अंगात कोट नव्हता तरी त्याच्या गुंड्या लावल्यासारखं केलं. "ठीक हाय. पर एक थेंब सांडला, एक बोंब झाली, तं मी उठलो. मंग मला बसवू नका."

"मंजूर," गुरुजी म्हणाले.

चार वाजता गुरुजींच्या खोलीत शाळा भरली. रेवत आणि उत्पला गालिच्यावर मांडी घालून बसले. पारूबाईला वाढपी केलं. स्टीलचा डबा, त्यात घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा आणि पोळीचा चुरा. गुरुजींनी हजेरी घेतली. दोघंच होते तरी घेतली.

"नियम एक. वाढेपर्यंत काय?"

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

"शाबास. नियम दोन. मी चव बघितल्याबिगर कुनी घास घ्यायचा न्हाई."

हा नियम गुरुजींच्या हाडात मुरलेला होता. शाळेत खिचडी सुरू झाली तसं सरकारनं चव रजिस्टरही सुरू केलं. लेकरांना वाढायच्या आधी मुख्याध्यापकानं स्वतः खायचं, शेरा लिहायचा, सही करायची. 'चव योग्य' किंवा 'चव योग्य नाही'. पुष्कळ मास्तर महिन्याचे शेरे एका बैठकीत लिहून टाकायचे. गुरुजींनी दहा वर्षांत एक शेरा खोटा लिहिला नाही. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं चमचाभर खाऊन 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. गुरुजींनी त्याच्याखाली, त्याच्या देखत लिहिलं, 'तांदूळ कच्चा'. दोन महिन्यांत कंधारहून हदगावला बदली झाली. बिऱ्हाड पारूबाईनं बांधलं. टेम्पोत बसताना ती एवढंच म्हणाली होती, "तांदळापाई मानूस देशोधडीला लागलेलं मी पयल्यांदा बघून राह्यले."

"आबा, चव बेकार असली तं?" रेवतनं विचारलं.

"तं कुनीच खायचं न्हाई. वाढनाऱ्याला सांगायचं. आदबीनं, पर मोठ्यानं. नियम तीन. पंगतीत कुनी उपाशी ऱ्हायला नाही पायजे. शेजाऱ्याच्या ताटात पडलं का, बघायचं."

"वा," पारूबाई चुरा वाढत म्हणाली. "शाळंतल्या खिचडीला रोज शेरा. माझ्या भाजीला पन्नास वर्षांत एक बी न्हाई."

"घरच्या जेवनाला शेरा देत नसतेत, पारू."

"हाव. फुकट मिळतंय ना."

आठ वाजता सगळे जेवणघरात शिरले. झुंबरं काय, मेणबत्त्या काय, प्रत्येकाच्या पुढ्यात तीन काटे, दोन सुऱ्या आणि टोपीसारखा घडी घातलेला रुमाल. गुरुजींनी आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शिवलेला कोट घातला होता. पुरस्कार आला नाही, कोट राहिला. पारूबाई निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत, खुर्चीच्या कडेला बसलेली, कोणत्याही क्षणी उठून कुणाला तरी काही वाढावं लागेल अशा बेतानं. रेवतच्या गळ्यात लाल बो. विनोद समोर बसला. बसल्या बसल्या त्यानं दोन्ही पाय खुर्चीखाली आत ओढून घेतले. बूट नवे होते.

नऊ माणसांसाठी वाढायला आला तो वेटर उदगीरकडचा निघाला, शिवप्पा नावाचा. गुरुजींनी त्याला लगेच बाजूला घेतलं. "आधी लेकरांना वाढा. मी चव बघनार. मंग ती खातील. मंग बाकीच्यांचं." शिवप्पानं समुद्रावर बारा वर्षं काढली होती, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं गुरुजी."

सूप आलं. हाताची घडी, तोंडावर बोट. गुरुजींनी उत्पलाच्या वाटीतला एक चमचा घेतला, डोळे मिटले, गिळला. रेवतच्या वाटीतला घेतला. "चव योग्य."

दोन बोटं तोंडावरून खाली आली. दोन चमचे उचलले गेले. थेंब सांडला नाही. सूप पिण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

विनोद बघत राहिला. आजूबाजूला काय तमाशा चालला होता! पलीकडच्या टेबलावरचा एक बाळू टेबलाखाली शिरला होता आणि त्याचा टायवाला बाप रांगत त्याच्या मागे. एकीनं पाव झुंबराच्या दिशेनं फेकला होता. एक पोरगं काट्यानं आईचं गंठण उचलत होतं. आणि गजभाऱ्यांची दोन लेकरं सरळ पाठीनं सूप पीत होती. त्या टायवाल्याची बायको मुद्दाम उठून आली आणि विनोदला म्हणाली, "किती गुणी आहेत हो तुमची मुलं!"

"पुतन्या न् पुतनी हायेत," विनोद म्हणाला. आणि मग न राहवून, "आमच्यात सगळी अशीच असतेत."

बुद्धप्रियानं हे ऐकलं. तिनं पावाची टोपली विनोदच्या बाजूला सरकवली. तीन वर्षांत तिनं त्याला काही दिलं असेल तर हीच. पारूबाईनं टेबलाखाली गुरुजींचा हात दाबला.

इथवर सगळं बेस होतं. पण चांगली शाळा दिसली की पटसंख्या वाढते. टेबलाखाली शिरलेला तो बाळू आपली वाटी घेऊन गुरुजींपाशी येऊन उभा राहिला. "आजोबा, माझं पण बघा." गुरुजींनी बघितलं. "चव योग्य." बाळू जागेवर जाऊन गुपचूप सूप प्यायला लागला. मग पाववाली आली. मग गंठणवाला. बघता बघता बारा लेकरांची रांग. गुरुजींनी बारा सुपं चाखली, बारा जणांना हाताची घडी शिकवली. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की तीन टेबलं सोडून बसलेला कॅप्टनसुद्धा मान वर करून बघू लागला, काही बिघडलं की काय म्हणून.

मग मुख्य जेवण आलं. पांढऱ्या सॉसमध्ये भाज्या, वर चीज. लेकरांची ताटं आधी आली खरी, पण गुरुजी अजून सुपाच्या रांगेत अडकलेले. तेवढ्यात मोठ्यांचीही ताटं आली आणि मोठे खायला लागले. विनोद सुरीकाट्यानं तुकडे करून खात होता. "वा, काय टेस्ट हाय," तो म्हणाला. रविकांतही खात होता. पुनम, बुद्धप्रिया, लुंबिनी, पलीकडच्या टायवाल्याची बायको, सगळा हॉल खात होता. पारूबाईचा काटा तेवढा ताटाशेजारी होता. सगळ्यांचं होईस्तोवर ती खात नसे.

गुरुजी आले आणि त्यांनी रेवतच्या ताटातला एक घास घेतला.

तो गोड होता. थोडाबिडा नव्हे, शिऱ्यासारखा. मिठाचा पत्ता नाही. गुरुजींनी खात्रीसाठी उत्पलाच्या ताटातला घेतला. तोही तसाच.

चौदा लेकरं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. समोर विनोद आणि रविकांत एका टेबलाला बसून जेवत होते. तीन वर्षांनी पहिल्यांदाच. पारूबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू होतं. फक्त 'योग्य' म्हणायचं होतं. तीन अक्षरंसुद्धा धड नाहीत. लेकरं खातील, गोड आहे, आवडेलही. कुणाला कळणार नाही. गुरुजींनी तोंड उघडलं. "यो..." म्हणाले. पुढचं काही केल्या निघेना. कच्च्या तांदळानं हदगावला नेलं, आता ही साखर कुठं नेते, असं त्यांच्या मनात आलं आणि ते खरोखर रडायच्या बेतात आले.

"पारू," ते कळवळून म्हणाले, "मला माफ कर."

"काय झालं?"

"चव योग्य न्हाई."

बारा टेबलांवर काटे खाली पडले. रेवत नियमाप्रमाणे खुर्चीवर उभा राहिला आणि आदबीनं, पण मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "वाढनाऱ्या काका! चव योग्य न्हाई!"

"योग्य न्हाई!" बाकीची तेरा ओरडली.

कॅप्टन उठून उभा राहिला. विनोदचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं रुमाल टेबलावर टाकला. "म्या सांगितलंतं. एक बोंब झाली तं उठनार." तो उठला. हे बघून रविकांत उठला. "चल, बुद्धे. लेकरं घे. आपल्याला कुनी माणसात धरतच न्हाई." बुद्धप्रियानं पावाची टोपली परत ओढून घेतली.

पारूबाईचं हसू मावळलं. ते बघवेना तेव्हा गुरुजींचा आवाज असा फुटला, की शाळा सुटून वर्गात चोरून बसलेली पोरंही बाहेर आली असती.

"बसा खाली दोघं!"

दोघंही बसले. दोघंच काय, पलीकडचा टायवाला बापही बसला.

"विन्या. तुझं अर्धं ताट संपलंय. काय लागलं, गोड का खारट?"

"आबा, उगं सगळ्यांसमोर..."

"गोड का खारट?"

विनोदनं इकडेतिकडे बघितलं. "गोड," तो हळूच म्हणाला.

"मंग 'वा, काय टेस्ट हाय' कामून म्हनलास?"

"मला वाटलं..." विनोदनं टायच्या गाठीत बोट घातलं. "मला वाटलं, फॉर्मल जेवन असंच असतंय."

मग रविकांत खाली बघत म्हणाला, "मला बी तसंच वाटलं. मी दादाकडं बघून खाल्लो. म्हनलं, दादा ऑफिसरात ऊठबस करतंय, त्याला म्हाईत असंल."

"आन् मी तुमच्याकडं बघून खाल्ले, रवीभावजी," पुनम म्हणाली. "मला तं मळमळून राह्यलंय."

पलीकडच्या टायवाल्याची बायको हळूच म्हणाली, "खरंच गोड आहे हो. आम्हीही गप्प खात होतो." मग तिसऱ्या टेबलावरून कुणीतरी, मग पाचव्या. दोनशे शहाणी माणसं कोट घालून दहा मिनिटं साखर खात होती आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. कॅप्टन आला, त्यानं रेवतच्या ताटातला एक घास घेतला आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. शिवप्पा आत पळाला आणि घाम पुसत बाहेर आला. "अय्यो गुरुजी, नव्या आचाऱ्यानं मिठासाखरेचे डबेच बदलले! दुसरं काय तयार न्हाई. खाली आमच्या स्टाफसाठी वरणभात केलेला हाय, तेवढा."

"आन," गुरुजी म्हणाले. "चव बघतो."

विनोद अजून आपल्या अर्ध्या ताटाकडे बघत होता. अचानक त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. "रव्या, अर्धं ताट संपवलो की रे मी!"

"माझं तं पुरं संपलंय, दादा. मी आनखी मागनार होतो!"

मग जे हसले दोघं, ते टेबलावर डोकं टेकून हसले. बुद्धप्रियानं हसू आवरत पावाची टोपली पुन्हा पुढे सरकवली. लुंबिनी म्हणाली, "आता निरोप तुमचा तुम्ही सांगा, मी सुटले."

वरणभात आला. चव योग्य निघाली. काटे बाजूला गेले, हात ताटात गेले. झुंबराखाली दोनशे लोक वरणभात ओरपत होते आणि कॅप्टननं दुसऱ्यांदा वाढून घेतला. पारूबाईही जेवली, सगळ्यांच्या बरोबर, गरम गरम. विनोदनं टाय सोडली, गुंडी सोडली, आणि पोटाला तड लागली तशी चावणाऱ्या नव्या बुटांतून पायही काढले.

शेवटी आइस्क्रीम आलं. गुरुजींनी चमचा उचलला आणि थांबले. समोर त्यांचा सत्तेचाळीस वर्षांचा लेक, कृषी खात्यातला अधिकारी, हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवून बसला होता. त्याच्या शेजारी धाकटाही.

"आबा, चव बघा ना," विनोद बोटाआडून म्हणाला. "वितळून राह्यलंय."

गुरुजींनी दोघांच्या तोंडावरच्या बोटांकडे बघतच चमचा तोंडात घातला, चवीकडे लक्षच नव्हतं. "योग्य," ते कसंबसं म्हणाले.

नऊ चमचे चालू लागले. पारूबाईनं ते मोजले. मग ती पुन्हा मोजायला लागली, तर आठच. उत्पला जागेवर नव्हती. ती टेबलाखालून बाहेर आली, रिकामी वाटी घेऊन, पंगत वाढून आलेल्या माणसासारखी समाधानी.

विनोदनं पायानं बूट चाचपला. त्याचा चेहरा बदलला. बुद्धप्रियाचा चमचा हवेत राहिला. रविकांतनं डोळे मिटले. पुनमनं नवऱ्याचा दंड धरला.

"त्याला कुनीच वाढलं नव्हतं," उत्पला म्हणाली. "नियम तीन."

विनोदनं वाकून खुर्चीखाली बघितलं. मग त्यानं उजवा पाय सावकाश बुटात घातला, पुरता, टाचेपर्यंत. आतून पचक असा आवाज आला. तो म्हणाला, "आबा, ह्याची बी चव बघता का?"

हसण्याचा गदारोळ उठला. रविकांत भावाच्या खांद्यावर पडून हसत होता, बुद्धप्रिया आणि पुनम एकाच रुमालानं डोळे पुसत होत्या. गुरुजींनी सवयीनं कोटाच्या खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. निवृत्तीनंतरही ते लिहायचे, सवय जाते थोडीच. तारीख घातली, उपस्थिती नऊ लिहिली. शेऱ्याच्या जागी पेन टेकवलं आणि मग वही तशीच पारूबाईपुढे सरकवली.

"मी?" ती म्हणाली.

"तू. तुझा शेरा पन्नास वर्षं राहिलाय."

पारूबाई तिसरी शिकलेली. तिनं पेन मुठीत धरलं, जीभ दातात घेतली आणि एकेक अक्षर जोर देऊन काढलं. गुरुजींनी वाचलं. तिनं चवीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'दोघंबी जेवले.'

गुरुजींनी त्याखाली सही केली.